उत्तर सोलापूरच्या माळरानावर विद्यापीठ परिसर आखायचा असल्यास वाळवंटी परिसरांकडून नेमके काय घ्यावे?

तरवड (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरातच वास्तुकलेच्या अंतिम वर्षात शिकत असून प्रबंधासाठी उत्तर सोलापूर तालुक्यात, बार्शी रस्त्याच्या अंगाने, सुमारे २०० एकरांवर एका विद्यापीठाचा परिसर आखत आहे. कोरडवाहू शेती आणि पर्यावरण हे त्याचे विषय. विद्यापीठ काल्पनिक असले तरी जागा खरी आहे. काही भाग गावचे गायरान आहे, काही भाग ज्वारी किंवा तूर पेरली जाणारी मुरमाड जिरायत, आणि रस्त्यालगत मुरूम उपसून सोडून दिलेली एक खाण. मधून ओढा जातो, पण पावसाळ्यातले मोजके दिवस सोडले तर त्याला पाणी नसते. वरच्या अंगाला मेंढपाळांच्या बिरोबा या देवाचे ठाणे आहे आणि त्याच्या बाजूला शेंदूर फासलेले दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड) मातीत निम्मे रुतलेले आहेत. ओढ्याच्या काठी पांढरीचे, म्हणजे जुन्या उठलेल्या वस्तीच्या मातीचे, एक टेकाड असून धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांसाठी माती नेता नेता त्याची एक बाजू उभी कापली गेली आहे. त्या कापात राखेचा थर, खापऱ्या आणि हाडांचे तुकडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बाकी सगळा माळ: कुसळी, पवना, तरवड, मधूनच हेकळ आणि बोरीची झुडपे, तर एका कोपऱ्यात जुन्या वनीकरणातील गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाच्या रांगा.

मार्गदर्शकांनी वाळवंटातील विद्यापीठ परिसरांचा अभ्यास करण्यास सांगितले आहे. जोधपूरची आयआयटी, सौदी अरेबियातील काउस्ट (किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील विद्यापीठे ही नावे त्यांनीच दिली. माझी अडचण अशी की सोलापूर अवर्षणप्रवण आहे, वाळवंट नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५५० मिलीमीटर आहे आणि तोही बराचसा सप्टेंबरात येतो, तेव्हा तिकडची तंत्रे जशीच्या तशी उचलली तर ती शोभेची ठरतील अशी धास्ती वाटते. शिवाय पडीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमिनीवर बांधकामाला हरकत कसली, असे परीक्षक विचारणार हे उघड आहे. टेकाड, वीरगळ आणि ठाणे यांपैकी काहीही संरक्षित यादीत नाही, त्यामुळे आराखड्यात त्यांना कोणत्या आधारावर स्थान द्यावे हेही मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

---

मुरमाड

परीक्षकांच्या संभाव्य प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पक्के झाले की आराखडा बराचसा आपोआप ठरेल.

केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र मिळून पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह काढतात, त्यात झुडपी माळ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे ज्या जमिनीवर काळवीट चरतात, लांडगी पिल्ले वाढवते, धाविक आणि पखुर्डी हे पक्षी उघड्या खडीवर अंडी घालतात, ती जमीन सरकारी हिशेबात उत्पादनाविना पडलेली ठरते, आणि मग कोणतीही मोठी योजना आली की पहिले बोट तिच्याकडे जाते. बांधकामाच्या दृष्टीने त्याला आणखी एक कारण आहे, जे तुमच्या क्षेत्रातील लोक सहसा बोलून दाखवत नाहीत. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माळावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे पाया स्वस्तात होतो. माळ निवडण्यामागे हा हिशेब असतो, तो प्रबंधात स्पष्ट लिहा.

नान्नजच्या माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा इतिहास तुमच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तो टाळून चालणार नाही. ते अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले. त्यात गावे, बाजारपेठा, बागायती, रस्ते सगळे आले. प्रत्यक्ष पक्षी मात्र गवताच्या मोजक्या तुकड्यांवर होता, आणि त्यांतील महत्त्वाचे तुकडे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून चराई राखून तयार झालेले होते. एवढी मोठी रेघ ओढल्याचा परिणाम असा झाला की ज्याच्या शेतात आयुष्यात कधी माळढोक उतरला नाही त्याचीही जमिनीची कामे अडू लागली आणि पक्ष्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. पुढे हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली. दरम्यान उजनीचे पाणी, ऊस, द्राक्षे, कूपनलिका, विजेच्या तारा यांनी माळाचे तुकडे केले. आज नान्नजला माळढोक दिसणे जवळजवळ संपले आहे.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अशी की राखायची जमीन तालुक्याच्या नकाशावर, गवताच्या एकेका तुकड्यानिशी ठरवावी लागते. तुमच्या २०० एकरांचा नकाशा काढण्याआधी आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरचा नकाशा काढा: कोणते माळ एकमेकांना जोडलेले आहेत, मेंढपाळांचे कळप कोणत्या वाटेने फिरतात, ओढे कुठून कुठे जातात, जुन्या खाणी आणि उसाचे पट्टे कुठे आहेत. तुमचे गायरान दोन माळांना जोडणारा दुवा निघाले तर त्यावर एकही इमारत येता कामा नये, आणि ते चारही बाजूंनी उसाने वेढलेले निघाले तर वेगळा विचार करता येईल.

गायरानाच्या बाबतीत कायदाही पाहा. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी राज्यांना योजना आखण्यास सांगितले, आणि आपल्या राज्यानेही त्याच वर्षी गायरानाचा अन्य वापर सार्वजनिक प्रयोजनापुरता व दुसरी जमीन उपलब्ध नसेल तरच, असे बंधन घातले. विद्यापीठ हे सार्वजनिक प्रयोजन मानता येईल. दुसरी जमीन उपलब्ध नाही हे मात्र तुम्हाला दाखवता येणार नाही, कारण मुरमाची खाण आणि रस्त्यालगतची जिरायत तुम्ही स्वतःच वर नोंदवली आहे.

आणि कृपा करून हिरवळ वाढवण्याच्या नावाखाली माळावर चर खोदून झाडे लावू नका. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांनी आपल्या माळांचे जेवढे नुकसान केले तेवढे अनेक ठिकाणी नांगरानेही केलेले नाही. झाडे हवीत तर ती इमारतींच्या भोवती आणि ओढ्याच्या काठी लावा, आणि हिवर, बाभूळ, कडुनिंब, बोर अशीच लावा.

---

मारवाडातला सोलापूरकर

नोकरीनिमित्त जोधपुरात राहतो, मूळचा सोलापूरजवळच्या बाळे गावचा. वाळवंटातील उदाहरणांपैकी काय घ्यावे आणि काय सोडावे एवढ्यापुरते लिहितो.

काउस्ट सरळ बाजूला ठेवा. ते २००९ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी थुवाल येथे उभे राहिले आणि समुद्राचे पाणी गोडे करून वापरते. तो पैसा आणि तो समुद्र दोन्ही आपल्याकडे नाहीत.

जोधपूरची आयआयटी २००८ मध्ये सुरू झाली. तिचा कायमचा परिसर नागौर रस्त्यावर ८५२ एकरांवर आहे. वाऱ्याला आणि धुळीला अडवण्यासाठी तेथे मातीचे उंच बांध घातलेले आहेत आणि इमारती एकमेकींच्या सावलीत येतील अशा जवळ जवळ ठेवल्या आहेत. यांतील दुसरी गोष्ट डोळे झाकून घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा दोन इमारतींमधील अरुंद, सावलीची वाट ही मोठ्या हिरवळीपेक्षा कितीतरी उपयोगी असते, आणि जुन्या सोलापुरातील वाड्यांचे बोळ याच न्यायाने बांधलेले आहेत. बांध मात्र घेऊ नका. मारवाडात वाळू उडते, आपल्याकडे ओढ्याला लोंढा येतो. सप्टेंबरातल्या एका रात्रीच्या पावसात असा बांध पाणी तुंबवून टेकाडाच्या पायथ्याशी नेऊन घालेल.

पाण्याचा हिशेब वाळवंटी परिसरांच्या माहितीपत्रकांवरून करू नका, स्वतः करा. जोधपूरला साधारण ३५० मिलीमीटर पाऊस पडतो, तुमच्याकडे ५५०. एक हजार चौरस मीटर छतावर ५५० मिलीमीटर पाऊस पडला आणि त्याचा ८० टक्के भाग हाती लागला तर ४ लाख ४० हजार लिटर पाणी मिळते. आकडा मोठा दिसतो. पण माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरून २०० मुलांच्या वसतिगृहाची गरज काढली तर रोज २७ हजार लिटर होतात, म्हणजे ते सगळे छत सोळा दिवसांत संपते. तेव्हा छतावरचे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखा, अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी शुद्ध करून संडासांसाठी आणि झाडांसाठी वापरा, आणि त्यातही भागत नसेल तर मुलांची संख्या कमी करा. परिसराची क्षमता पाण्यावरून ठरवण्याचे धैर्य एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधात दाखवले तर मला फार आनंद होईल, कारण प्रत्यक्षात ते कोणी दाखवत नाही.

आता ज्या उदाहरणाचा तुमच्या मार्गदर्शकांनी उल्लेख केला नाही ते सांगतो. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी ७० हेक्टरांचे राव जोधा मरुभूमी शिलोद्यान आहे. ती जागा पूर्णपणे ज्वालामुखीच्या खडकाची, आणि त्यावर वेडी बाभूळ हे परदेशी काटेरी झाड माजलेले. ही बाभूळ १९३० च्या दशकात मारवाडच्या दरबाराने विमानातून बी टाकून पसरवली होती असे येथे सर्वजण सांगतात. २००६ मध्ये ती काढण्याचे काम सुरू झाले तेव्हा असे लक्षात आले की वरून तोडली की ती पुन्हा फुटते, आणि खडकात गेलेले मूळ यंत्राने निघत नाही. शेवटी वाळूच्या दगडाच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या खांडवालिया लोकांना बोलावण्यात आले. हातोडीने खडकावर टकटक करायची, आवाजावरून तो कुठे पोकळ आणि कुठे भरीव आहे ते ओळखायचे, आणि नेमक्या जागी छिन्नी लावून मूळ मोकळे करायचे, अशी त्यांची पद्धत. त्या खड्ड्यांत मग खडकावर जगणारी थोर, कुमट, केर अशी मारवाडचीच झाडेझुडपे लावली. किल्ला, त्याच्या भोवतीचे जुने तलाव, पाण्याचे दगडी पाट आणि वनस्पती यांचे जतन तेथे एकाच कामाचा भाग आहे, किल्ल्याचे एक खाते आणि झाडांचे दुसरे अशी विभागणी नाही. सोलापुरात दगडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी वडार वस्ती मोठी आहे. गिरिपुष्प उपटण्यासाठी आणि जुन्या खाणीचे कडे सावरण्यासाठी तुमच्या आराखड्यात त्यांच्या कामाला जागा ठेवता येईल.

एक सावधगिरी जैसलमेरची. तो किल्ला बाराव्या शतकातला आणि आजही आत वस्ती आहे. घरोघर नळ आले, पण निचऱ्याची सोय त्या मानाने झाली नाही. पाणी किल्ल्याच्या पायात मुरत गेले आणि बुरूज ढासळले. कोरड्या हवेवर शतकानुशतके टिकलेली गोष्ट थोड्या ओलाव्याने जाते. तुमचे पांढरीचे टेकाड त्याहून नाजूक आहे, त्याच्या जवळपास बाग, ठिबक किंवा शोषखड्डा आणू नका.

---

गढीकर

टेकाड, वीरगळ आणि ठाणे या तिन्हींना एकाच मापाने मोजू नये.

कायदेशीर बाजू आधी सांगतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या जागेला यांपैकी काहीच लागू होत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक अवशेषांची हीच स्थिती आहे. मात्र खोदकामात पुरातन वस्तू सापडली तर १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक ठरते. ठेकेदार सहसा कळवत नाही, कारण काम थांबते. यावर उपाय असा की पाहणी खोदकामाआधी व्हावी आणि तिचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरलेला असावा.

यादीत नाव नाही म्हणून महत्त्व नाही असे समजणाऱ्यांना कुडल संगमाचे उदाहरण द्या. भीमा आणि सीना यांच्या संगमावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडलचे संगमेश्वर मंदिर दीर्घकाळ दुर्लक्षित होते. तेथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख उजेडात आला, आणि त्याच परिसरात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग मिळाले. शिलालेखासाठी सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी गावोगाव केलेली पायपीट कारणी लागली. एखाद्या योजनेच्या घाईत त्या दगडांची खडी झाली असती तर मराठीच्या इतिहासातील एक पान कायमचे गेले असते.

पांढरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. जुनी वस्ती उठली की भिंतींची माती, राख, शेण, खापऱ्या यांचे थर साचून जी फिकट माती तयार होते ती धाब्यावर घालायला उत्तम असते, म्हणून शतकानुशतके लोकांनी ती नेली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, अशाच टेकाडांतून सातवाहन काळातील मृण्मूर्ती, मणी आणि नाणी मिळाली. त्यांतील कितीतरी वस्तू माती नेणाऱ्यांच्या पाट्यांतून बाहेर आल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या म्हणून आज तेथील संग्रहालयात पाहता येतात. तुमचे टेकाड तेरएवढे जुने असेल असे मी म्हणत नाही. तो उभा काप मात्र तुमच्या प्रबंधासाठी मोठा ठेवा आहे. तो साफ करू नका, हाताने खापऱ्या ओढू नका. माप ठेवून छायाचित्रे घ्या, थरांचे रेखाचित्र काढा आणि ते पुरातत्त्वाच्या जाणकाराला दाखवा. आराखड्यात टेकाडाभोवती मोकळी पट्टी ठेवा, तिच्यातून ना सांडपाण्याची वाहिनी जाऊ द्या ना केबल. टेकाडावर संग्रहालय, फरसबंदी किंवा प्रकाशझोत असे काही सुचवू नका. विद्यार्थ्यांना तो मोह होतोच.

वीरगळ जागेवरून हलवू नका. प्रशासकीय इमारतीच्या दालनात आणून उभे केलेले वीरगळ मी पाहिले आहेत, तेथे ते कुंडीशेजारचे शोभेचे दगड होतात. आणि बिरोबाचे ठाणे हा चालता वारसा आहे. तेथे वर्षातून ठरल्या वेळी ढोल-कैताळ घेऊन माणसे येणार, मेंढरे येणार, भंडारा उधळला जाणार. परिसराला कुंपण आणि पहारेकरी आले की या माणसांना प्रवेशपत्र मागितले जाईल. ठाण्यापर्यंतची वाट ही गावाची वहिवाट म्हणून नकाशावर दाखवा आणि ती कुंपणाच्या बाहेर ठेवा.

---

भोंगा

सर्वांचे म्हणणे वाचले. मला मूळ गृहीतच मान्य नाही. विद्यापीठ माळावर न्यायचेच कशाला?

सोलापुरात १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी निघाली, पुढे आणखी गिरण्या निघाल्या, आणि त्या बंद पडल्यावर शहराच्या मध्यात विस्तीर्ण जमिनी, दगडी भिंती आणि धुराच्या चिमण्या उरल्या. काही पाडल्या गेल्या, काहींवर घरे उठली, तरी जे शिल्लक आहे ते वापरात आणण्याऐवजी आपण शहरापासून वीस किलोमीटर दूर नवा परिसर आखतो आणि मुलांना रोज एसटीने पाठवतो. वाळवंटाचेच उदाहरण हवे असेल तर ॲरिझोनातील फिनिक्स घ्या. तेथील राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये शहराच्या ओस पडत चाललेल्या मध्यभागात परिसर उघडला. त्यासाठी नागरिकांनी मतदानाने कर्जरोखे मंजूर केले, आणि १९३० च्या दशकातील जुन्या टपाल कार्यालयाची इमारत पुढे विद्यार्थ्यांच्या वापरात आली. वाळवंटाची एक वीतही त्यासाठी नव्याने उकरावी लागली नाही.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे मान्य, पण निदान नळ तरी आहे. माळावर टँकर लागेल.

---

तरवड

सर्वांचे मनापासून आभार. भोंगा सर, आपला मुद्दा मी पर्यायी जागांच्या प्रकरणात घेत आहे. मात्र कोरडवाहू शेतीच्या शिक्षणाला प्रत्यक्ष शेत, गवत आणि पाणलोट लागतो, तो गिरणीच्या आवारात मिळणार नाही. वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह शहरात, आणि माळावर केवळ संशोधन केंद्र, अशी विभागणी केली तर चालेल का? तसेच गवताचा भाग पूर्णपणे कुंपण घालून बंद करावा की मेंढरांना मोकळा ठेवावा, याविषयी मार्गदर्शन हवे आहे. ॲरिझोनातील एका टेकडीवर शंभर वर्षांहून अधिक काळ चराई बंद असल्याचे वाचनात आले.

---

अदिलाकाठ

ती टेकडी म्हणजे टुसॉन शहरातील टुमामॉक. मी काही वर्षे त्या शहरात होतो, म्हणून लिहितो.

तेथे कार्नेगी संस्थेने १९०३ मध्ये वाळवंट प्रयोगशाळा काढली आणि १९०७ पर्यंत ८६० एकरांना कुंपण घालून गुरे बाहेर ठेवली. खुणा करून ठेवलेल्या चौकोनांतील प्रत्येक झाड पुन्हा पुन्हा मोजले जाते, त्यामुळे वाळवंटातील वनस्पती किती सावकाश वाढतात, मरतात आणि जागा बदलतात याची जगातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक तेथे आहे. १९६० पासून ती टेकडी ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे. माथ्यावर दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या दगडी रचना आहेत आणि उतारावर खडकांत कोरलेली चित्रे आहेत. शहर तिन्ही-चारी बाजूंनी वाढले तरी टेकडी टिकली, कारण विद्यापीठाने तिला बांधकामासाठी शिल्लक ठेवलेली जमीन मानले नाही. तुमच्या विभागणीच्या कल्पनेला याहून चांगला आधार मिळणार नाही.

परंतु टुसॉनकडून शिकण्यासारखी मोठी गोष्ट टेकडीच्या बाहेर आहे. १९९७ मध्ये तेथील एका लहान पिंगळ्याला केंद्रीय कायद्याखाली संकटग्रस्त ठरवण्यात आले आणि घरबांधणीची कामे अडकू लागली. प्रत्येक भूखंडाचे भांडण वेगळे लढण्यापेक्षा टुसॉन ज्या जिल्ह्यात येते त्या पिमा काउंटीने १९९८ मध्ये सोनोरन वाळवंट संवर्धन आराखडा हाती घेतला. वन्यजीवांचे अधिवास, ओढ्या-नद्यांचे काठ, डोंगरी उद्याने, ऐतिहासिक व सांस्कृतिक स्थळे आणि पशुपालकांची कुरणे ही पाच अंगे एकाच नकाशावर आली. २००४ मध्ये मतदारांनी मोकळ्या जमिनी घेण्यासाठी १७.४ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. जे विकण्यास राजी होते त्यांच्याकडूनच कुरणे विकत घेतली आणि बऱ्याच ठिकाणी मूळ पशुपालकालाच ती सांभाळायला दिली. गंमत अशी की २००६ मध्ये तो पिंगळा यादीतून वगळला गेला, पण तोवर लोकांना नकाशाचा उपयोग पटला होता. पुढे ४४ प्रजातींसाठी ३० वर्षांची परवानगी २०१६ मध्ये मिळाली, आणि २०२३ मध्ये पिंगळा पुन्हा यादीत आला. नान्नजला नेमके उलट घडले: आधी हद्द आली आणि लोकांशी बोलणे नंतर.

गढीकर यांनी खोदकामाआधी पाहणी करण्याचा जो आग्रह धरला आहे त्यालाही तिकडे आधार मिळतो. टुसॉनच्या वायव्येस, सांडपाणी प्रकल्पाच्या वाढीव बांधकामाच्या जागेवर, आधी उत्खनन झाले तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी शेते आणि त्यांना पाणी देणारे पाट उघडे पडले.

---

मुरमाड

कुंपणाविषयी: टुमामॉकची नक्कल आपल्या माळावर सरसकट करू नका. तेथील वनस्पती फार मंद वाढतात आणि गुरांची खूर-दाढ त्यांना सोसत नाही. आपले गवत पावसाळ्याच्या चार महिन्यांत कमरेपर्यंत येते. वर्षानुवर्षे ते चरलेही नाही आणि कापलेही नाही तर जुने गवत साचून राहते, नवे फुटत नाही, आणि एका ठिणगीत सगळा माळ पेटतो. धाविक, माळटिटवी यांना तर खुरटे, चरलेले गवतच लागते. शिवाय दख्खनच्या माळावरील लांडगा बऱ्याच अंशी मेंढरांवर जगतो, मेंढपाळ गेला की लांडगाही जातो. तेव्हा एखादा लहान तुकडा, समजा पाच-सात एकर, तुलनेसाठी कायम बंद ठेवा. उरलेल्या गायरानाचे पट्टे पाडून पावसाळ्यात आळीपाळीने राखा, गवताचे बी पडल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतर, कापणीला आणि चराईला खुले करा. हे पट्टे कोणते आणि पाळी कशी, ते गावातील मेंढपाळांनी आणि ग्रामपंचायतीने ठरवावे, गायरानही गावाच्याच नावावर राहू द्यावे आणि विद्यापीठाने फक्त नोंदी ठेवण्याची परवानगी मागावी.

वर्ग आणि वसतिगृह शहरात, केंद्र माळावर, ही विभागणी मला पटते. केंद्राची बांधणी मुरमाच्या खाणीत आणि तिच्या लगतच्या जिरायतीत बसवा. खाण जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे पश्चिमेचे ऊन कमी लागेल आणि इमारती माळावरून उठून दिसणार नाहीत. मात्र पाण्याच्या निचऱ्याची वाट आधी काढा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तळघराची विहीर होईल. विजेची वाहिनी जमिनीखालून घ्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांवर आपटतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या मोठ्या पट्ट्यात तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. खर्च आणि अडचणी पुढे आल्यावर मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांबाबत तो वाद समजू शकतो, पण रस्त्यापासून खाणीपर्यंतच्या काही शे मीटरसाठी तो वाद घालण्याचे कारण नाही.

कागदपत्रांचे राहिले. तलाठ्याकडून सातबारे आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गटांचे नकाशे घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा मिळाला तर ओढ्याचा मूळ मार्ग आणि उजाड गावठाणाची खूण त्यावर तपासा, कारण पांढरीचे टेकाड बहुधा तेच असेल. माळाची पाहणी निदान दोन ऋतूंत करा. मे महिन्यात काढलेल्या छायाचित्रांवरून या जमिनीवर काहीच नाही असा निष्कर्ष काढणे फार सोपे असते, आणि परीक्षकांच्या डोळ्यांपुढे नेमके तेच चित्र असेल, म्हणून त्याच जागेवरून सप्टेंबरात काढलेले छायाचित्र शेजारी लावा.